खिशात मावणारं पिस्तूल

स्वस्त, नेमकं आणि भरवशाचं. अमेरिकेत लपवून बाळगायला पिस्तूल घेणारा माणूस दुकानात गेला की हे तीन शब्द हमखास उच्चारतो. आपल्या धंद्यात क्लायंट म्हणतो ना, स्वस्त पाहिजे, लवकर पाहिजे आणि चांगलं पाहिजे, त्यातलाच प्रकार. आपण मान डोलावतो आणि मनात म्हणतो, बाबा रे, यातलं एक तरी तुला सोडावं लागणार.

मला स्वतःला पिस्तूल घ्यायचं नाहीये. पण टेक्ससमधल्या सहकाऱ्यांच्या गप्पांत हा विषय इतक्यांदा कानावर आला, की दोन वीकांत खर्च करून या वस्तूचा इतिहास वाचून काढला. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. या तीन शब्दांतला 'भरवशाचं' हा शब्द वाटतो तितका साधा नाही. त्याच्या पोटात दोन वेगळ्या मागण्या आहेत. हवं तेव्हा पिस्तूल उडालं पाहिजे, ही पहिली. नको तेव्हा ते उडता कामा नये, ही दुसरी. पहिलीचा विचार सगळेच करतात. दुसरीची किंमत मात्र बऱ्याचदा भलत्याच माणसाने मोजली आहे.

आधी थोडं कायद्याबद्दल, कारण तिथे एक गंमत आहे. १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी लपवून हत्यार बाळगण्यावर बंदी घातली. त्या काळचा समज असा, की सभ्य माणूस हत्यार उघड कमरेला लावतो, लपवतो तो गुंड. आज बरोब्बर उलटं आहे. उघड पिस्तूल लावून कोणी किराणा दुकानात शिरला तर लोक दचकतात, शर्टाखाली असलेलं चालतं. फ्लोरिडाने १९८७ साली अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देण्याचा कायदा केला आणि मग राज्यामागून राज्यं त्या वाटेने गेली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनादत्त हक्क ठरवला. आता तर निम्म्याहून जास्त राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही.

तर आता मूळ मुद्दा. लपवायचं म्हटलं की पिस्तूल लहान हवं, आणि लहान केलं की पहिला बळी नेमकेपणाचा जातो. गणित सोपं आहे. नेम धरताना पुढची माशी आणि मागची खाच एका रेषेत आणायची असते. या दोघींत १०० मिलिमीटर अंतर असेल आणि रेषा जुळवताना हाताची चूक एक मिलिमीटर झाली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १५० मिलिमीटर असेल तर साधारण पावणेसात सेंटिमीटर. शिवाय पिस्तूल हलकं, म्हणजे झटका जास्त. चाप घट्ट, म्हणजे ओढताना हात हलणार. नळी कितीही उत्तम असली तरी हाताचं काय करणार?

लहान पिस्तुलाचा खरा आद्यपुरुष म्हणजे फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर. तळहातात मावणारं, एकच बार असलेलं पिस्तूल तो बनवायचा. एकच बार म्हणून लोक जोडीने विकत घ्यायचे (आजच्या भाषेत बॅकअप सर्व्हर!). कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिथे या पिस्तुलांना प्रचंड मागणी आली आणि मग नकला सुरू झाल्या. डेरिंजरने सरळ कोर्ट गाठलं आणि १८६५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. ट्रेडमार्कच्या कायद्यात हा निकाल महत्त्वाचा मानतात. पण त्याच वर्षी १४ एप्रिलला जॉन विल्क्स बूथने फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकनवर गोळी झाडली ती याच पिस्तुलातून. अंतर हाताभराचं, तेही पाठीमागून. नेमकेपणाची तिथे गरजच नव्हती. पुढे हे नाव इंग्रजीत एक 'आर' जास्त घालून लिहायची रीत पडली आणि असल्या सगळ्याच छोट्या पिस्तुलांना ते चिकटलं. खटला जिंकूनही नाव गेलंच की!

नेमकेपणाची बाजू सावरली जॉन ब्राउनिंगने. हा युटा राज्यातला बंदूक बनवणाऱ्या बापाचा मुलगा. बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी त्याने केलेलं १९०० सालचं पिस्तूल आणि अमेरिकेत कोल्टसाठी केलेलं १९०३ सालचं पिस्तूल, दोन्ही चपटी आणि खिशात जाणारी. कोल्टच्या पिस्तुलाला 'हॅमरलेस' म्हणत, पण घोडा होता, फक्त आत लपवलेला, म्हणजे कोटाच्या अस्तरात अडकायला नको. त्यात गोळी उडताना नळी जागची हलत नाही, म्हणून नेम चांगला लागतो. आणि मुठीच्या मागे एक पट्टी होती. मूठ नीट आवळली नाही तर चाप ओढूनही गोळी सुटणार नाही. म्हणजे भरवशाच्या दुसऱ्या बाजूचा विचार त्यात होता. १९४५ पर्यंत अशी साडेपाच लाखांवर पिस्तुलं खपली.

जरा अवांतर, पण ब्राउनिंग हे नाव आपल्याला नवं नाही. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या त्यांतल्याच एका पिस्तुलातून. १९१४ साली साराजेव्होत प्रिन्सिपच्या हातातही ब्राउनिंगनेच घडवलेलं एफएनचं १९१० सालचं मॉडेल होतं. चोरकप्प्यात किंवा कोटाच्या खिशात मावणारी वस्तू कुठल्या कुठे पोचते, बघा.

असो. आता 'स्वस्त' या शब्दाकडे येऊ. आयव्हर जॉन्सन ही मॅसॅच्युसेट्समधली सायकली आणि रिव्हॉल्व्हर बनवणारी कंपनी. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे. खाली पडलं की बार उडायचा. म्हणून जाणकार लोक सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. आयव्हर जॉन्सनने घोडा आणि टाचणी यांच्यामध्ये एक छोटी पट्टी आणली. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पुढे पोचवते. एरवी घोडा कितीही आपटा, काही होत नाही. त्यांच्या जाहिरातीत खुशाल 'घोड्यावर हातोडा मारून बघा' म्हटलेलं असे. एका जाहिरातीत तर अंथरुणात बसलेली लहान मुलगी रिव्हॉल्व्हरशी खेळताना दाखवली होती, हे इजा करत नाही असं तिच्या वडिलांनी सांगितलंय म्हणून! आज बघताना अंगावर काटा येतो, कारण पट्टी फक्त पडण्याआपटण्यापासून वाचवते. मुलीने चाप ओढला तर ती पट्टी आपलं काम चोख करणारच.

पण इंजिनिअरिंग म्हणून ही पट्टी उत्तम, आणि मुख्य म्हणजे स्वस्तात बसवलेली. १९०१ साली लिऑन चोल्गोशने बफेलोत असंच एक आयव्हर जॉन्सन साडेचार डॉलरला घेतलं, हातावर रुमाल गुंडाळून ते लपवलं आणि अध्यक्ष मॅकिन्लींवर झाडलं. स्वस्त माल नेहमी वाईटच असतो असं नाही, एवढंच यातून घ्यायचं.

वाईट स्वस्त माल कसा आला ती कथा १९६८ पासून सुरू होते. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर अमेरिकेने बंदुकांचा मोठा कायदा केला. परदेशी पिस्तुलांच्या आयातीला गुणपत्रिका लागली: लांबी, उंची, वजन, सेफ्टी, प्रत्येकाला गुण. यात बाँडचं वॉल्थर पीपीकेसुद्धा थोडक्यात नापास झालं. कंपनीने त्याला मोठ्या भावाचा सांगाडा चढवून पीपीके/एस नावाने पुन्हा परीक्षेला बसवलं आणि ते पास झालं. पण ही परीक्षा फक्त आयात मालाला होती. देशात बनवाल त्याला काहीच नाही. ही मोकळी जागा दक्षिण कॅलिफोर्नियात जेनिंग्ज कुटुंब आणि त्यांच्या नातेवाइकांनी ओळखली. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग, साधी रचना, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. १९९४ साली डॉ. गॅरेन विंटेम्यूट यांनी या कारखान्यांवर अभ्यास लिहिला आणि त्यांना 'रिंग ऑफ फायर' असं नाव दिलं.

यातल्या ब्रायको कंपनीच्या एका पिस्तुलाची गोष्ट प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने वाचावी. ते पिस्तूल गोळी आत घेताना अडकायचं. मूळ दोष दुरुस्त करणं खर्चाचं. मग कंपनीने रचना अशी बदलली, की सेफ्टीचा खटका लावलेला असताना वरचा भाग मागे ओढताच येणार नाही. अडकणं झाकलं गेलं. पण याचा दुसरा अर्थ बघा. भरलेलं पिस्तूल रिकामं करायचं असेल तर आधी सेफ्टी काढावी लागणार! नेमक्या सगळ्यात धोक्याच्या क्षणी.

१९९४ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात एका घरी ओळखीचा एक विशीतला मुलगा असं पिस्तूल रिकामं करत होता. सेफ्टी काढली, गोळी सुटली आणि समोरच्या सात वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा वाचला, पण हातपाय कायमचे गेले. २००३ साली ज्युरीने पिस्तुलाची रचनाच सदोष ठरवली आणि मालक व कंपन्यांच्या वाट्याला सुमारे २.४ कोटी डॉलरची भरपाई आली. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००४ साली कारखान्याचा लिलाव झाला. तो मुलगा तेव्हा सतराअठरा वर्षांचा, व्हीलचेअरवर. त्याने देणग्या जमवून स्वतः बोली लावली. का? तर कारखाना विकत घेऊन बंद करायचा आणि उरलेली पिस्तुलं वितळवून टाकायची. पाच लाख पाच हजार डॉलरपर्यंत तो पोचला. पाच लाख दहा हजारांना कारखान्याच्याच जुन्या फोरमनने बोली जिंकली. नव्या नावाने उत्पादन सुरू झालं. ती कंपनीही २०२० साली दिवाळखोरीत गेली.

तुम्ही म्हणाल, सरकार काय करत होतं? अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा आयोग आहे, टोस्टरपासून खेळण्यातल्या पिस्तुलापर्यंत सगळं त्याच्या कक्षेत येतं. खरं पिस्तूल मात्र येत नाही. शेवटी कॅलिफोर्नियाने स्वतःपुरता कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला. त्यातली चाचणी मला फार आवडली. पिस्तुलाने ६०० गोळ्या झाडायच्या, पहिल्या २० विनातक्रार आणि एकूण ६०० मध्ये सहापेक्षा जास्त वेळा अडकायचं नाही. ही झाली पहिली बाजू. मग तेच पिस्तूल वेगवेगळ्या कोनांतून सहा वेळा, एक मीटर एक सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर टाकायचं, आणि एकदाही ते उडता कामा नये. ही दुसरी. 'भरवशाचं' या गोल शब्दाला कोणीतरी एकदाचे आकडे दिले!

आणि दुसऱ्या बाजूला फक्त स्वस्त कंपन्याच चुकतात असंही नाही. पाव किलोच्या आसपासचं रुगर एलसीपी २००८ साली आलं आणि त्याच वर्षी कंपनीला ते परत मागवावं लागलं, कारण खाली पडलं तर उडण्याची शक्यता होती. सिगच्या पी३२० ची २०१७ साली तीच कथा, खाली पडण्यावरूनच फुकट दुरुस्ती. नावाजलेल्या कंपन्या, पिस्तुलं ठरल्यासारखी उडत होती, दुकानाच्या मागच्या रेंजवर गिऱ्हाईक खूष. पहिली बाजू शंभर टक्के पास.

आता तीन शब्दांचा हिशोब करू. तीनचार मीटरवर बहुतेक आधुनिक पिस्तुलं पुरेशी नेमकी असतात, तिथे चुकतो तो हात. प्लास्टिकचा सांगाडा आणि संगणकावर चालणारी यंत्रं यांच्यामुळे बरं पिस्तूल पूर्वीइतकं महागही राहिलं नाही. उरला भरवसा, आणि तो तपासताना माणूस चाप ओढूनच बघतो. आपणही टेस्टिंगमध्ये हवं ते होतंय का एवढंच आधी बघतो की. पण हे पिस्तूल बाळगणाऱ्याच्या आयुष्यात चाप ओढायची वेळ बहुधा कधीच येणार नाही. ते रोज कमरेला लावलं जाईल, रोज रात्री काढलं जाईल, कधी रिकामं केलं जाईल, एखाद्या दिवशी हातातून निसटेल, आणि घरात मुलं असतील. म्हणून दुकानात उभं राहून विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते असा: हे रिकामं करताना सेफ्टी लावलेली राहते का?

ब्राउनिंगवर अजून खूप लिहिण्यासारखं आहे, पण चहा गार झाला. ते पुढच्या वीकांताला.