बागेंतील कोळी : एका जुन्या आरोपाची कथा

पावसाळा सरतां सरतां जत तालुक्यांतील एखाद्या डाळिंबाच्या बागेंत सकाळीं गेलें, तर दोन झाडांच्या मध्यें ताणलेलें वाटोळें जाळें दृष्टीस पडतें. जाळ्याच्या मध्यभागीं, डोकें खालीं करून, पिवळसर पट्ट्यांची एक कोळीण बसलेली असते. आठ पाय तिनें दोन-दोन असे जोडून ठेवलेले असल्यामुळें दुरून फुलीचा आकार दिसतो. आणि पायांच्या रेषेंत जाळ्यावर पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी असते. मराठींत हा कोळी, तालुक्याच्या पूर्वभागांतील कानडींत जेड. नांव कोणतेंहि असो, पाहणाऱ्याचा हात बहुधा काठीकडे जातो. तो कां जातो, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आपल्या प्राचीन वाङ्मयांत कोळ्याविषयीं दोन ठळक साक्षी आहेत. पहिली मुंडकोपनिषदाची. कोळी जसा आपल्या देहांतून तंतु काढतो व पुन्हां आंत घेतो, तसें अक्षर ब्रह्मापासून विश्व उत्पन्न होतें, असा दृष्टांत तेथें आहे. तंतु आंत घेण्याची गोष्ट निव्वळ कविकल्पना नव्हे. वाटोळें जाळें विणणाऱ्या पुष्कळ जाती जुनें जाळें खरोखरच खाऊन टाकतात व त्यांतील द्रव्य नव्या धाग्यासाठीं वापरतात, हें विसाव्या शतकांत प्रयोगानें सिद्ध झालें.

दुसरी साक्ष सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाची. विश्वामित्रानें वसिष्ठांना कोपविलें, तेव्हां ऋषींच्या घामाचे थेंब धेनूसाठीं कापून ठेवलेल्या गवतावर पडले व त्यांतून लूता, म्हणजे कोळी, जन्मले, अशी कथा तेथें आहे. लूतांचे सोळा प्रकार सांगून त्यांतील आठ असाध्य मानले आहेत. आणि विष केवळ दाढेंत नव्हे, तर लाळ, नखें, मूत्र व मळ यांतहि असतें, असें म्हटलें आहे. लोकांनीं पहिली साक्ष पंडितांकडे सोपविली, दुसरी मात्र घरोघर जपली. डफळ्यांचें जत संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, पुढें तालुका सांगली जिल्ह्यांत आला; राज्यें बदललीं, पण सकाळीं अंगावर फोड दिसले कीं रात्रीं कोळी फिरला असेल, हा निवाडा बदलला नाहीं.

वस्तुतः या फोडांचा अपराधी पुष्कळदां निराळाच असतो. पावसाळ्यांत दिव्याकडे धांवणारा, मुंगीएवढा लांबट, नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा आहे. तो चावत नाहीं. परंतु अंगावर चिरडला गेला म्हणजे त्याच्या देहांतील द्रव्यानें कातडी भाजल्यासारखी होते, आणि फोड दुसऱ्या दिवशीं उठतात. तोंवर तो कीटक नाहींसा झालेला असतो. कोपऱ्यांतला कोळी मात्र जागेवरच सांपडतो! या द्रव्याला इटालियन संशोधकांनीं १९५३ सालीं पेडेरिन हें नांव दिलें. असा कीटक अंगावर बसल्यास फुंकरीनें उडवावा, चिरडल्यास जागा साबणानें धुवावी. आणि एका बाजूस पट्ट्यानें फोड उठून ठणका लागला, तर ती नागीण असूं शकते; तेथें कोळ्याला दोष देत न बसतां डॉक्टरांकडे जावें.

असा चुकीचा निवाडा केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. इटलींत टारांटोच्या परिसरांत कोळी चावला असें समजून लोक वाद्यांच्या तालावर बेभान नाचत. दोष गेला मोठ्या, केसाळ, जमिनीवर हिंडणाऱ्या कोळ्याकडे. त्याचा दंश सौम्य असतो. त्या देशांत खरा त्रासदायक दंश करणारा कोळी लहान व काळा आहे. दिसण्यांत भयंकर तोच अपराधी, हा न्याय सर्वत्र सारखाच.

आपल्याकडील कोळ्यांची रीतसर ओळख पोकॉक यांच्या १९०० सालच्या ग्रंथानें पुष्कळ वाढली. पुढें डॉ. बी. के. टिकादर यांनीं १९६३ सालीं महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवर लेख लिहिला आणि १९८७ सालीं भारतीय कोळ्यांचा मार्गदर्शक ग्रंथ दिला. त्या अभ्यासाचें फळ आपल्या अंगणांतहि कामास येतें. फुलीच्या आकारांत बसणारी ती कोळीण, भिंतीवर उड्या मारणारा टपोऱ्या डोळ्यांचा कोळी, फुलांत दबा धरणारा खेंकड्यासारखा कोळी, छताच्या कोपऱ्यांतला काटकुळ्या पायांचा कोळी, यांपैकीं कोणीहि माणसावर चालून येत नाहीं. विष आहे, पण तें किड्यांपुरतें. मुठींत दाबल्यास एखादी कोळीण चावेल, आणि ती वेदना बहुधा थोड्या वेळांत शमते. बिळांत व झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांना मात्र हात लावूं नये.

सहवासाचे नियम सोपे आहेत. वाटेंतलें जाळें काठीनें न मोडतां वळसा घालावा. घरांतल्या कोळ्यावर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा व त्याला कुंपणावर सोडावें. जाळ्यांत टोळ व माशा सांपडतात. क्वचित् मधमाशीहि सांपडते, हें मान्य केलें पाहिजे. परंतु सरसकट औषध फवारल्यानें किडीबरोबर तिचा हा फुकटचा राखणदारहि मरतो.

फुलीच्या आकारांत बसणाऱ्या या कोळिणींच्या एका जातीला स्वीडनच्या टोरेल यांनीं १८८७ सालीं ‘आर्जिओपी अनसूजा’ असें नांव दिलें. ऐकणाऱ्यास अनसूयेची आठवण व्हावी असें हें नांव आहे. अनसूया म्हणजे जिच्या ठायीं असूया नाहीं ती. उद्यां बागेंत भेट झाली, तर काठी खालीं ठेवून आपणहि तिच्याशीं तसेंच वागावें, इतकीच विनंती.