वॉशिंग मशीनचे दिवे आणि आपली पंचवीस वर्षे

सोसायटीच्या प्लॉटचा, बोअरचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाच आहे. मला मात्र संपादक मंडळाने सांगितलं, "तुम्ही मशीनचंच लिहा." कारण सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाचं वॉशिंग मशीन भंगारात निघालं की भंगारवाल्याच्या आधी मी हजर असतो. जुने पॅनल, गोल नॉब, टायमर, माहितीपुस्तिका असं बरंच काही माझ्या माळ्यावर जमलं आहे. घरच्यांच्या मते जरा जास्तच! पण आपल्या घरांचा पंचवीस वर्षांचा इतिहास त्या पॅनलवर जितका दिसतो, तितका प्रोसिडिंग बुकात दिसत नाही, असं माझं मत आहे.

धुण्याचं यंत्र आलं तेच मुळी दिमाखात. अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचं स्वयंचलित मशीन आणलं. समोर गोल काचेचं दार होतं, आत फिरणारे कपडे दिसायचे आणि लोक ते बघत उभे राहायचे. पिळताना ते इतकं हादरायचं की जमिनीला बोल्टने आवळावं लागे. पुढे कपडे वाळवायचा ड्रायर निघाला, त्याच्या एका मॉडेलचं नाव 'जून डे', म्हणजे जूनमधला उन्हाचा दिवस. १९५० च्या दशकात तर गुलाबी, पिवळी, आकाशी रंगाची मशीन निघाली आणि पॅनलवर मोटारीच्या डॅशबोर्डसारखे दिवे आले.

हा दिमाख राजकारणातही शिरला. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना वॉशिंग मशीन असलेलं तयार स्वयंपाकघर दाखवलं. घरातल्या बायकांचं काम हलकं करायला हे सगळं आहे, असा त्यांचा मुद्दा. ख्रुश्चेव्ह यांनी त्या बटणांची थट्टा केली आणि घास तोंडात भरवणारं यंत्र नाही का तुमच्याकडे, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. दोन महासत्ता धुण्याच्या मशीनपुढे उभ्या राहून भांडल्या! त्याच १९५९ साली आपल्याकडे सर्फ पावडर आली. म्हणजे तिकडे मशीनवरून वाद चालला होता, तेव्हा इकडे आपण साबणाच्या वडीवरून पावडरीवर येत होतो. निरमा तर त्यानंतर दहा वर्षांनी, १९६९ साली निघाली.

आपल्या घरात पुढे जे मशीन टिकलं, त्याचे पूर्वज मात्र साधे होते. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १९४८ साली एक लहान मशीन काढलं. टबच्या बाजूला एक चकती, ती फिरली की पाणी घुसळतं आणि कपडे धुतले जातात. जपानच्या सान्योने १९५३ साली तीच कल्पना उचलली. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांना तिथले लोक त्या काळी 'तीन रत्नं' म्हणायचे. पुढे चकती तळाशी गेली, शेजारी पिळायचा दुसरा टब आला आणि झालं आपलं 'सेमी ऑटोमॅटिक'.

जपाननेच नंतर दिव्यांची खरी जादू केली. १९९० साली मात्सुशिता कंपनीने 'फझी लॉजिक'चं मशीन आणलं. याचं मूळ गणित अमेरिकेतले प्राध्यापक लोत्फी झादेह यांनी १९६५ साली मांडलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, कपडा 'मळका' किंवा 'स्वच्छ' एवढंच न बघता 'जरासा मळका', 'बऱ्यापैकी मळका' असं आईसारखं ओळखायचं. मशीन पाण्यातून प्रकाशाचा किरण सोडून पाणी किती गढूळ झालं ते बघे आणि त्यावरून किती वेळ धुवायचं ते ठरवी. त्या मशीनच्या नावातल्या 'आयसाइ' शब्दाचा अर्थ 'लाडकी बायको'. मशीनपुढे कोणी उभं राहायचं, हे नावातच ठरलेलं होतं!

भारतात हे वारं आलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. टीव्हीएस आणि व्हर्लपूल १९८७ साली एकत्र आले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, औरंगाबाद-पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि त्यांच्या वॉशिंग मशीनचं जाहिरातगीत दूरदर्शनवर पोरासोरांना पाठ झालं. गोव्यातून आयएफबीची काचेच्या दाराची मशीन निघू लागली. १९९३ साली गोदरेज आणि जीई यांची भागीदारी झाली. मग १९९५ साली सॅमसंग आणि १९९७ साली एलजी आली. स्पर्धा लागली ती बटणांची. कोणाचे सहा प्रोग्रॅम, कोणाचे आठ; कोणाचा 'फझी', तर कोणाचा थेट 'न्यूरो फझी'. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कापसाचे पैसे खिशात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला 'न्यूरो' म्हणजे काय ते कळायचं नाही, पण लाल आकडे उलटे मोजत शून्यावर येतात हे फार आवडायचं. मलाही आवडायचं, अजून आवडतं.

आपली सोसायटी उभी राहिली ती नेमकी या काळात. पहिलं दिव्यांचं मशीन आलं तेव्हा अख्खा मजला ते बघायला जमला होता. त्या घरातल्या आजींनी आयुष्यभर अंजनी नदीवर धुणं धुतलेलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हातच लागना नही, मळ कसा निंघी?"

मळ निघायचा. पण अडचण वेगळीच होती. हे मशीन ज्या घरासाठी बनवलं होतं, तिथे नळाला चोवीस तास जोराचं पाणी आणि तारेत चोवीस तास वीज गृहीत धरलेली होती. आपल्याकडे नळ रोज येत नसे. टाकीचं पाणी बारीक धारेने यायचं, मग मशीन थांबून नुसतं 'टूं टूं' करत बसायचं. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं तर सगळ्यांना आठवत असतील. मधेच लाईट गेली की त्या वेळची बरीच ऑटोमॅटिक मशीन सगळं विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी मागायची. शेवटी अर्धवट भिजलेले कपडे मोरीत काढून हातानेच पिळावे लागत.

सेमी ऑटोमॅटिकला हे दुखणं नव्हतं. बादलीने पाणी ओता, चालतं. लाईट गेली तर टायमरचा नॉब चावीच्या घड्याळासारखा फिरत शून्यावर येतो, एवढंच. लाईट आली की नॉब पुन्हा फिरवायचा आणि पुढे सुरू. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणी, आणि उरलेल्या पाण्याने जिना आणि ओटा धुवायचा. वार्षिक सभेत 'मशीनवाल्यांकडून पाण्याचे जादा पैसे घ्या' अशी सूचना आली होती, ती याच हिशोबामुळे बारगळली. बिघाडही सोपे. कपॅसिटर गेला, बेल्ट ढिला झाला, झाकणाचा स्विच अडकला, एवढंच. एरंडोलमधला मिस्त्री दुपारपर्यंत ते चालू करून देई.

ड्रायर आपल्याकडे कोणी घेतला नाही, आणि बरोबरच केलं. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या खान्देशात 'जून डे' विकत कशाला घ्यायचा? गच्चीवरच्या तारेवर अर्ध्या तासात चादर वाळते. भांडी घासायच्या मशीनची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं, पण आपल्या जिन्यावर ते चढलं कोरोनाच्या लॉकडाऊननंतर. आता दोन-तीन घरांत आहे. बोअरच्या जड पाण्यामुळे त्यात मीठ भरत राहावं लागतं, हे मात्र दुकानात कोणी आधी ठासून सांगत नाही.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट बोलायची राहून जाते, ती म्हणजे धुण्याच्या मावशी. दिव्यांची मशीन आली तेव्हा काही घरांतलं त्यांचं धुण्याचं काम सुटलं. काही घरांत त्या राहिल्या, पण 'त्या मशीनला हात लावू नका' अशी ताकीद मिळाली. सेमी ऑटोमॅटिक मात्र त्यांनी आपल्यापेक्षा चांगलं चालवलं. पिळायच्या टबात कपडे सारखे पसरायचे, वरून ती जाळीची चकती दाबायची, नाहीतर टब थडाथड आपटतो, हे आपल्या बऱ्याच घरांना मावशींनीच शिकवलं आहे. त्यांतल्या एकीने पुढे सोसायटीतलंच एक जुनं मशीन विकत घेतलं. दिवसभर दुसऱ्यांचं धुवून आल्यावर स्वतःच्या घरचं धुणं ते मशीन करायचं. माझ्या माळ्यावरच्या कुठल्याही 'न्यूरो फझी' पॅनलपेक्षा मला त्या मशीनचं मोल जास्त वाटतं, कारण माणसाच्या कंबरेला खरा आराम त्याने दिला.

आज मोठी टाकी आहे, प्रेशर पंप आहे, इन्व्हर्टर आहे. त्यामुळे ऑटोमॅटिक मशीन घरोघरी बिनबोभाट चालतात. वीज गेली तरी कुठे थांबलो होतो ते त्यांना आठवतं. पाणी आणि वीज आली, मगच दिव्यांना अर्थ आला. उलट कधी झालं नाही. तिकडे २०१८ साली व्हिडिओकॉनचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. कंपन्यांची नावं जातात, मशीन गॅलरीत गंजत उभी राहतात.

म्हणून एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सभागृहात एक टेबल मला द्या. ज्यांच्याकडे जुनं मशीन, त्याचं पॅनल, माहितीपुस्तिका किंवा दुकानाचं बिल असेल, त्यांनी ते आणावं. एक सेमी ऑटोमॅटिक मी चालू स्थितीत आणतो. पाणी बादलीनेच भरू. आणि ते चालवून दाखवायला मावशींना बोलवू, पाहुण्या म्हणून, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवून. मुलांना फझी लॉजिक मी समजावून सांगेन; कपडे कसे पसरायचे ते त्या सांगतील.