प्रश्न कोणी विचारायचा? ख्रिस्ती घरातल्या धर्मशिक्षणाचा मागोवा

ख्रिस्ती मुलांच्या धर्मशिक्षणाची सर्वांत ओळखीची रीत म्हणजे प्रश्नोत्तरी. मोठ्यांनी विचारायचे आणि मुलांनी पाठ केलेले उत्तर द्यायचे. या रीतीचा माग काढत मागे गेले, की मुळाशी नेमकी उलटी मांडणी सापडते.

जुन्या कराराच्या निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत विचारणारे मूलच आहे. वल्हांडण सण पाळताना मुलाने त्याचा अर्थ विचारला, की मोठ्यांनी पूर्वजांच्या मिसरातल्या दास्याची आणि सुटकेची हकिगत सांगायची. देवाच्या आज्ञाही घरात बसता-उठता, वाटेने चालताना मुलांच्या कानी पडाव्यात, अशी अपेक्षा. म्हणजे आज्ञापालनाआधी आठवण येते आणि आठवणीआधी मुलाचे कुतूहल.

नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात मुलांना आईबापांचे ऐकायला सांगितले आहे. पण पाठोपाठ बापांनाही ताकीद आहे, की मुलांना संताप येईल असे वागू नये. पुढे अनेक घरांत पहिला भाग पाठ झाला, दुसरा मागे पडला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्टम यांनी मुलांच्या संगोपनावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांचा सल्ला आजच्या पालकांनाही पटेल. रात्रीच्या जेवणावेळी काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट रंगवून सांगावी, काही दिवसांनी ती मुलाकडून वदवून घ्यावी. मग तीच गोष्ट चर्चमध्ये वाचली जाईल, तेव्हा ती आपल्याला आधीच ठाऊक आहे या आनंदाने मूल खुलेल.

पाठांतराची ठाशीव चौकट आली ती सोळाव्या शतकात. 1528च्या सुमारास मार्टिन ल्यूथर सॅक्सनीतल्या मंडळ्यांच्या पाहणीला गेले. सामान्य माणसांना धर्माची प्राथमिक माहितीही नाही, हे पाहून ते हादरले. 1529मध्ये त्यांनी ‘लहान कॅटेकिझम’ म्हणजे लहान प्रश्नोत्तरी लिहिली. ती आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना अशा भागांच्या मथळ्यांतच म्हटले होते, की घरधन्याने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे. आता प्रश्न विचारणारा बाप झाला. कॅथलिकांकडे पीटर कॅनिशियस यांच्या प्रश्नोत्तऱ्या आल्या. ब्रिटनमध्ये 1647ची, 107 प्रश्नांची वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी घराघरांत गेली.

आपल्या किनाऱ्यावर ही रीत 1542मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर ठळकपणे दिसते. गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत ते मुलांना गोळा करीत. पुढे दक्षिणेच्या मच्छीमार किनाऱ्यावर त्यांनी मुलांनाच सांगितले, की शिकलेले घरी आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना शिकवा. इथे तर मूलच गुरू झाले! ‘ख्रिस्तपुराण’कार थॉमस स्टीफन्स यांची कोकणीतली ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर 1622मध्ये रायतूरला छापली गेली, तीही संवादरूप. पण गोव्याच्या घरात केवळ पुस्तक नव्हते. संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि त्यानंतर थोरांचे ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद घेणे, यांतून प्रार्थना आणि आदर एकाच वेळी अंगवळणी पडत गेले.

1780मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. तिथे मुले वाचायला शिकली, हा मोठाच लाभ. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत महाराष्ट्रातही आली आणि ही रविवारची शाळा ‘शब्बाथ शाळा’ या नावाने मंडळीच्या जीवनाचा भाग झाली. मात्र शिकवण्याचे काम तिथे होते म्हटल्यावर घरची जबाबदारी संपली, असे मानायची सोयही झाली. 1964मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘घरगुती चर्च’ म्हटले आणि आईवडील हेच मुलांना श्रद्धेची पहिली ओळख करून देणारे असल्याची आठवण दिली.

या साऱ्या प्रवासात प्रश्नोत्तरीने अक्षर, शिस्त आणि समान भाषा दिली, हे नाकारता येत नाही. पण पाठ केलेले उत्तर मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही. आज्ञाधारकपणा हवा असेल, तर मुलाच्या ‘का?’ला घरात मानाची जागा द्या आणि त्याचे उत्तर आधी आपल्या वागण्यातून द्या.