धुण्याचा दगड घरात येताना

पुण्यातल्या किंवा वाईतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा आराखडा पाहिला तर त्यात देवघर सापडतं, माजघर, कोठी, बाळंतिणीची खोली, कधी घोड्यांची पागाही सापडते. धुण्याची खोली सापडत नाही. मागच्या चौकात आड, त्याच्या कडेला काळ्या पाषाणाचा उतरता दगड आणि सांडपाणी केळी-अळूकडे नेणारी चर, एवढीच धुण्याची जागा. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळातून शहरात आलं आणि ठिकठिकाणचे हौद भरू लागले. जिथवर ते पाणी पोचलं, तिथल्या बायकांची नदीची एखादी खेप तरी वाचली असणार.

बाकी महाराष्ट्राचं धुणं विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं पाणवठ्यावरच होतं. धुणं कुठं, केव्हा आणि कितीदा धुवायचं हे साबणानं ठरवलं नाही, यंत्रानं तर नाहीच. ते पाण्यानं ठरवलं. घरातल्या या कामाचा इतिहास म्हणजे पाणी घराच्या किती जवळ आलं त्याचा इतिहास.

पाणवठ्यावर क्रम असे. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, त्याच्या खाली धुणं, त्याही खाली गुरं. आणि या सगळ्यांच्या खाली, गावाच्या वापरलेल्या पाण्यावर, महार-मांगांचा पाणवठा. परीटही त्यांचे कपडे घेत नसे. म्हणजे ज्यांच्या वाट्याला सर्वांत घाण काम, त्यांच्याच वाट्याला धुवायला सर्वांत गढूळ पाणी. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडलं. घरातल्या स्वच्छतेच्या गोष्टी सांगताना हा भाग वगळला जातो. तो वगळू नये.

नदीवरचं काम अंगमेहनतीचं होतं आणि त्याची शब्दसंपत्ती अजून जिवंत आहे. भिजवायचं, चुबकायचं, घासायचं, आपटायचं, खळबळायचं, पिळायचं, झटकायचं. नऊवारी लुगडं आठ मीटरहून लांब; भिजल्यावर त्याचं वजन मनगटाला कळायचं. दोघी समोरासमोर उभ्या राहून दोन टोकांनी उलटसुलट पीळ द्यायच्या; एकटी असली तर एक टोक झाडाला अडकवायची. मग ते पिळे पाटीत रचून, पाटी डोक्यावर घेऊन चढण चढायची. त्यामुळे रोजचं नेसूचं आणि पोराबाळांचं तेवढं रोज धुतलं जाई. गोधड्या, वाकळा, घोंगड्या वर्षातून एकदाच.

ती वेळ ठरलेली होती. घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढायचा’. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालून नदीवर जायचं, दिवसभर धुवायचं, खडकावर वाळवायचं आणि संध्याकाळी घड्या करून आणायचं. पाऊस सरत आलेला, नदीला पाणी भरपूर, ऊन कडक. सणाआड दडलेला हा हिशेब बिनचूक होता. आजही नवरात्राच्या तोंडावर नदीकाठी ही गर्दी दिसते. फक्त बैलगाडीच्या जागी टेम्पो आला आहे. कोल्हापुरात तर रंकाळ्याच्या भागात एका जागेचं नावच ‘धुण्याची चावी’ आहे.

बारा बलुतेदारांत परीट होता. सुगीला धान्याचं बलुतं घेऊन तो वर्षभर गावाचं धुणं धुवायचा, लग्नात वऱ्हाडासाठी पायघड्या घालायचा. सोडाखारात भिजवलेले कपडे भट्टीच्या वाफेवर चढवायचे, मग आपटून, नीळ-खळ करून घडी घालायची. कुणाचा कपडा कुठला हे ओळखायला तो बिब्बा वापरी. बिब्ब्याला सुई टोचून निघालेल्या चिकानं कापडाच्या कोपऱ्यात खूण करायची आणि वर चुना लावायचा; खूण काळी होई आणि कपडा फाटेपर्यंत जात नसे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर पुरळ उठू लागलं, तेव्हा लष्करी डॉक्टरांचा माग कॉलरवरच्या या बिब्ब्यापर्यंत जाऊन थांबला. गाडगे महाराजांचा जन्मही १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला परटाच्याच घरात झाला. इतरांचे कपडे उजळ करणाऱ्या जातीतला माणूस हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरला, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही.

मुंबईत हे काम लवकर घराबाहेर, मोठ्या प्रमाणावर गेलं. धोबी तलाव बुजला, नाव उरलं. १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं आलं, १८९२ मध्ये तानशाचं. दोहोंच्या दरम्यान, १८९० च्या सुमारास, महालक्ष्मीचा धोबीघाट उभा राहिला: रांगेनं बांधलेली टाकी, प्रत्येकाला आपटायचा दगड. तिथल्या वाळवणाच्या दोऱ्या जवळून पाहण्यासारख्या. दोन दोऱ्यांना एकमेकींत पीळ दिलेला आणि त्या पिळात कपड्याचं टोक खोचलेलं. चिमटा लागत नाही, वाऱ्यानं कपडा उडत नाही. कोकणातल्या खळ्यात सुंभाच्या दोरीवर बायका हेच करत आल्या आहेत.

वाळवणं हा धुण्याचा निम्मा भाग, आणि घरात खरी कसरत त्याचीच. सोवळ्याच्या घरात सोवळ्याचा कपडा ज्यानं त्यानं पिळून काठीनं उंच वलणीवर टाकायचा आणि कुणाचा स्पर्श होऊ न देता काठीनंच उतरवायचा. त्यासाठी वलणी छताजवळ बांधलेली असे. पावसाळ्यात बाळाची दुपटी वाळवायला शेगडीवर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर ती पसरायची. वाळायची आणि धुरीही मिळायची. बायकांच्या पाळीच्या घड्या मात्र उन्हाला पारख्या. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, अर्धवट ओल्या वाळायच्या. ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज, तेच लपवावं लागे. या एका रीतीनं बायकांच्या प्रकृतीचं फार नुकसान केलं.

साबण उशिरा आला. त्याआधी रेशमाला रिठे, सुताला सोडाखार, गरिबाला राख. १८८८ मध्ये विलायतेहून सनलाइट साबणाच्या वड्या भारतात उतरल्या, पण साबणात जनावराची चरबी असते या धास्तीनं कितीतरी घरांनी तो शिवला नाही. १९२० च्या आगेमागे मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला तो या पार्श्वभूमीवर. पुढे टाटांचा ५०१ घरोघरी पोचला. साबणाची लांब कांडी आणायची, दोऱ्यानं तिच्या वड्या कापायच्या आणि फडताळात वाळत ठेवायच्या. कडक झालेली वडी कमी झिजते.

विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कपड्यावर पांढुरका थर राहतो. १९५९ मध्ये सर्फ आली आणि ही अडचण सुटली, पण पावडर महाग. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि सर्फच्या साधारण चौथ्या हिश्श्यात पावडर मिळू लागली. पावडरनं धुण्याची रीतच बदलली. आपटण्याऐवजी भिजवणं आलं, दगडाऐवजी बादली आली. त्याच दशकात ठाण्याला टेरिनचे धागे निघू लागले. तासाभरात वाळणारा, खळ न लागणारा कपडा अंगावर आला. नऊवारी जाऊन पाचवारी आली. परटाचं काम इस्त्रीपुरतं उरू लागलं ते इथून.

तोवर शहरातलं धुणं मोरीत शिरलं होतं. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीतल्या संसारात मोरी एकच आणि आंघोळ, भांडी, धुणं तिच्यातच. नळ पहाटे तास-दोन तास. त्यामुळे घराचा दिनक्रम नळाभोवती बांधलेला: आधी पिण्याचं पाणी भरायचं, मग आंघोळी, मग धुणं, आणि नळ जायच्या आत पिंप पुन्हा काठोकाठ. कपड्यांतही क्रम. पांढरे आधी, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. उरलेल्या साबणाच्या पाण्यानं गॅलरी. ही शिस्त कुणी शिकवली नव्हती, टंचाईनं लावली होती.

मध्यमवर्गानं हे काम हळूहळू ‘धुणं-भांडी’वालीकडे सोपवलं. ती स्वतः ज्या वस्तीत राहायची तिथं नळावर रांग असायची. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी पगार आणि रजेसाठी संप केला, त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा राज्यात यायला त्यानंतर २८ वर्षं लागली.

नव्वदच्या दशकात यंत्रं आली. औरंगाबादजवळच्या चितेगावचं व्हिडिओकॉन, गोव्यात वेर्णा इथं कारखाना असलेली आयएफबी. पण महाराष्ट्रात बराच काळ चाललं ते सेमी-ऑटोमॅटिक, आणि त्याचं कारण किंमत एवढंच नव्हतं. त्यात बादलीनं पाणी ओतता येतं, एकाच साबणाच्या पाण्यात तीन खेपा काढता येतात. चाळीतला पांढरे-रंगीत-पायपुसणी हा क्रम जसाच्या तसा यंत्रात उतरला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. अशा उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यापुढं धुणं मागं पडतं.

आजच्या फ्लॅटमध्ये धुण्याला स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी मिळाली आहे. वाड्याच्या आराखड्यात जे नव्हतं ते मिळालं, हे पाऊल मोठंच. पण तिथं यंत्र ठेवलं की पाऊल ठेवायला जागा नसते, पाण्याचा उतार उलटा असतो आणि दोरी बांधायला दोन हातांचीही लांबी नसते. वाळवण मग दिवाणखान्याच्या खुर्च्यांवर येतं. नवं घर पाहायला जाणाऱ्यांनी हॉलची रुंदी मोजण्याआधी मागची बाल्कनी पाहावी. नळ आणि मोरीचं तोंड कुठं आहे, उतार कुणीकडे आहे, सहा हात दोरी बांधता येते का आणि दुपारी तिथं ऊन येतं का, एवढं बिल्डरला विचारावं, आणि जी बाई ते काम करणार आहे तिला सोबत नेऊन विचारावं.