पालेची लेणी आणि आपली तवारीख

तुडीलहून आपण महाडला जातो ते बाजाराला, दवाखान्याला, कचेरीच्या कामाला. शहराला लागून गांधारी नदीच्या बाजूच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत, हे ठाऊक असूनही तिकडे पाय वळत नाहीत. 'ती बौद्धांची, आपला काय संबंध?' असेच आम्हा खाडीपट्ट्यातल्या माणसांना वाटते. तो संबंध शोधायला आम्ही डोंगर चढलो.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात चौलच्या दक्षिणेला पालेपटमाई नावाचे बंदर येते. ते हेच पाले, असे काही अभ्यासक मानतात. सावित्रीच्या खाडीतून गलबते आत येत, घाटावरचा माल खाली उतरे. अशा व्यापारी वाटांवरच कोकणात भिक्खूंचे विहार कोरले गेले. ते जुने शहर आज दिसत नाही. कातळातली तीसएक लेणी तेवढी उरली आहेत.

पहिल्या लेण्यात बुद्धमूर्ती आहे. तिच्याखाली चक्र आणि हरणे, म्हणजे सारनाथच्या पहिल्या उपदेशाची खूण. व्हरांड्यातले काही खांब घडवायचे राहूनच गेले. दुसऱ्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कुमार काणभोअ विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे तो सांगतो. त्याची भाषा प्राकृत. अशाच प्राकृत बोलींतून मराठी घडली, आणि आमच्या आया-आज्यांची कोकणी बोलीही त्याच घरातली. आम्ही शाळेत उर्दू शिकवतो, तिच्यावर आमचे प्रेम आहे. पण चुलीपुढच्या बोलीचे मूळ या कातळाच्या बाजूला आहे, हे मुलांना कोण सांगणार?

ज्या दर्यावाटेने ग्रीक आले, त्याच वाटेने पुढे अरब आले. इ.स. ९१६ च्या सुमारास मसऊदीने चौलला दहा हजार मुसलमान वस्तीला असल्याचे लिहून ठेवले. म्हणजे आपली तवारीखही याच किनाऱ्यावर सुरू होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांच्या परिषदेसाठी मंडपाला जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. 'आपला काय संबंध?' असे ते म्हणाले नाहीत.

मुलांची सहल दूर नेण्याआधी एकदा पालेला न्यावी. पूर्वजांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिथे गौण ठरतो. ही जमीन कुणाची, याचे उत्तर मात्र मिळते. ती आपल्या सगळ्यांची आहे, आणि तिची राखणही सगळ्यांकडे आहे.