पिलाचे जुलाब : आधी पाणी, मग निदान, शेवटी औषध

ओझर : घरात कुत्र्याचे नवे पिलू आले की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पातळ, उग्र वासाची, क्वचित आव किंवा रक्त पडलेली विष्ठा दिसते आणि घरातील मंडळी घाबरतात. मग औषधांच्या डब्यातील जुलाबाची उरलेली गोळी शोधून ती अर्धी केली जाते व दुधातून पिलाला दिली जाते. या एका कृतीत दोन चुका आहेत. एक गोळीची आणि दुसरी दुधाची.

आईपासून ताटातूट, प्रवास, अनोळखी घर, बदललेले पाणी आणि बदललेले अन्न, हे सारे पिलाच्या वाट्याला एकाच आठवड्यात येते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही याच वयात ओसरू लागते. अशा वेळी कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम किंवा ई. कोलाय या जिवाणूंना आतड्यात फोफावण्याची संधी मिळते. यांपैकी काही जिवाणू निरोगी कुत्र्यांच्या पोटातही आढळतात. त्यामुळे तपासणीत जिवाणू सापडला म्हणजे आजाराचे कारण सापडले, असे समजता येत नाही. श्वानपैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. त्याहून लहान पिलू घरी आणणारे कुटुंब आजारही सोबत आणण्याची शक्यता असते.

दूध-पोळी हा आपल्याकडील पिलांचा ठरलेला आहार. परंतु गाई-म्हशीच्या दुधातील शर्करा अनेक पिलांना पचत नाही आणि आधीच बिघडलेले पोट अधिक बिघडते. कोंबडीच्या दुकानातून स्वस्तात मिळणारी कच्ची आतडी व पाय खाऊ घालणे त्याहून धोक्याचे, कारण कॅम्पिलोबॅक्टर व साल्मोनेला यांचे ते नेहमीचे वाहन आहे.

जुलाबात पिलू दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार कमी झाल्याने. दीड-दोन किलो वजनाच्या जिवाला त्यासाठी एक दिवसही पुरतो. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती चटकन पूर्ववत झाली नाही, हिरड्या चिकट लागल्या किंवा बोटाने दाबल्यानंतर त्यांचा गुलाबी रंग परतण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पाणी कमी झाले आहे असे समजावे. पिलू सावध असेल आणि उलट्या होत नसतील, तर उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनी पाकिटावरील प्रमाणानुसार कालवून दर पंधरा-वीस मिनिटांनी एक-दोन चमचे चाटू द्यावी. घशात ओतू नये, ती फुप्फुसात जाऊ शकते. मीठ-मसाला, कांदा व लसूण न घालता शिजवलेला मऊ भात आणि चिकन थोडे थोडे द्यावे. मोठ्या कुत्र्याप्रमाणे लहान पिलाला दिवसभर उपाशी ठेवू नये, कारण रक्तातील साखर झपाट्याने उतरते. निफाड तालुक्यातील थंडी तर राज्यात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आजारी पिलू उघड्या पडवीत ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

प्रत्येक जुलाब जिवाणूंमुळेच होतो असेही नाही. जंत हे अगदी साधे कारण आहे. सर्वांत भयंकर कारण म्हणजे पार्व्हो हा विषाणू. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला. सतत उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि पूर्ण मरगळ ही त्याची लक्षणे असून, दवाखान्यात साध्या पट्टीवर काही मिनिटांत त्याची चाचणी करता येते. ओझर परिसरात आणखी दोन शक्यता ध्यानात ठेवायला हव्यात. हा द्राक्षांचा मुलूख आहे आणि द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याची सुरुवात उलट्या-जुलाबांनीच होते. द्राक्षातील टार्टारिक आम्ल त्यास कारणीभूत असावे, असे अलीकडचे संशोधन सांगते. (तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते.) दुसरी शक्यता बागेवर फवारलेल्या कीटकनाशकांची. तोंडातून लाळ गळणे, अंग थरथरणे ही खूण दिसल्यास क्षणाचाही विलंब नको. म्हणूनच पिलाने काय खाल्ले, कोठे हुंगले, हे पशुवैद्यकास न लपवता सांगावे.

प्रतिजैविकांच्या घाईला मोठी किंमत आहे. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात दुकानांतून विकलेल्या पिलांमुळे शंभराहून अधिक माणसांना कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झाला आणि नेहमीची अनेक औषधे त्या जिवाणूवर निष्प्रभ ठरली. ज्या १४९ पिलांची माहिती तपासण्यात आली, त्यांपैकी १४२ पिलांना विक्रीपूर्वीच प्रतिजैविके दिलेली होती. अनेकांना तर ती आजार नसताना, केवळ खबरदारी म्हणून. युरोपातील तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही सौम्य व मध्यम जुलाबांत प्रतिजैविके टाळण्यास सांगतात. ताप, ग्लानी किंवा रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणे असतील तेव्हा मात्र ती आवश्यक ठरतात. हा निर्णय पशुवैद्यकाचा असावा, औषध दुकानदाराचा नव्हे. माणसांसाठीची आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके तर पिलाला विषासमान आहेत.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव महाराष्ट्राला नव्याने परिचित झाले ते २०२५ च्या आरंभी. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत हा जिवाणू आढळला. तेथे संशय दूषित पाण्यावर होता, कुत्र्यांवर नव्हे. तथापि जिवाणू तोच, आणि पिलाची विष्ठा हा त्याचा एक मार्ग आहे. घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती किंवा वृद्ध असतील तर पिलाचे तोंड चाटणे, स्वयंपाकघरातील मोरीत त्याची भांडी धुणे हे प्रकार थांबवावेत. विष्ठा हातमोजा घालून उचलावी व नंतर साबणाने हात धुवावेत. घरात कोणाला ताप व जुलाब सुरू झाले, तर पिलू आजारी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रक्त पडणे, वारंवार उलट्या, पाणीही न पिणे किंवा उठून न बसणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. नाशिक येथील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय ओझरपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे, मात्र रात्री निघण्यापूर्वी तेथे किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात पशुवैद्यक उपलब्ध आहे का, याची दूरध्वनीवरून खात्री करावी. विष्ठेचा ताजा नमुना झाकणबंद स्वच्छ डबीत आणि लसीकरणाची पुस्तिका सोबत न्यावी. जुलाब थांबल्यावरही काही आठवडे पिलाच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत राहतात, तोपर्यंत हात धुण्याची शिस्त सोडू नये. राहिलेली लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, पिलू पूर्ण बरे झाल्यानंतरच टोचून घ्यावी.