बाळाच्या छातीवरच्या त्या बारीक तारा

हृदयातले छिद्र बंद करण्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत गेलात, की बाळाच्या छातीतून बाहेर आलेल्या बारीक तारा दिसू शकतात. त्या तात्पुरत्या पेसमेकरच्या.

1954 मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, डॉ. वॉल्टन लिलेहाय हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचे छिद्र शिवू लागले. या छिद्राच्या कडेनेच बहुधा ठोक्यांचा विद्युतसंदेश नेणारा तंतूंचा जुडगा जातो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एखादा टाका त्यावर पडला किंवा नुसती सूज आली, तरी संदेश अडतो. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. छिद्र उत्तम बुजले, पण ठोके मंदावून मूल गेले, असे तेव्हा घडत होते.

जानेवारी 1957 मध्ये लिलेहाय यांनी हृदयाच्या स्नायूत तार बसवून विजेने ठोके चालू ठेवले. पण यंत्र भिंतीतल्या प्लगवर चालणारे. मूल जाईल तिथे वायर हवी! 31 ऑक्टोबरला मिनीआपोलिसची वीज गेली आणि उपायातला धोका उघडा पडला. लिलेहाय यांनी रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना गाठले. मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून बाकेन यांनी सुमारे चार आठवड्यांत, गॅरेजमध्ये, बॅटरीवर चालणारा छोटा पेसमेकर तयार केला.

आजही सूज ओसरली की अनेक बाळांचे ठोके पूर्ववत होतात आणि तारा काढल्या जातात. साधारण सात ते दहा दिवसांत ब्लॉक गेला नाही, तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. म्हणून राउंडला आलेल्या डॉक्टरांना जरूर विचारा : आत्ताचे ठोके बाळाचे स्वतःचे आहेत, की यंत्राचे?